हरल्यावर दोष कुणाचा? नव्या संगणकावर काय खेळावे याबद्दल

डिचोलीहून एका तरुणाने विचारले आहे: "दादा, वर्षभर पगारातून पैसे बाजूला ठेवून संगणक जुळवून घेतला. आजवर फक्त मोबाईलवर बीजीएमआय हा बंदुकांचा ऑनलाइन गेम खेळलो. आता काय घ्यावे कळत नाही. परीक्षणे वाचावीत तर प्रत्येक गेमला दहापैकी नऊ. तुम्ही इतकी वर्षे खेळता, गेमचे दुकानही चालवलेत. तुम्हाला मनापासून कुठले आवडले, कुठले नाही आणि का, ते सांगाल का?"

सांगतो. पण आधी दुकानाची पाटी आठवली, ती सांगून घेतो. फोंड्याला दुकान उघडले तेव्हा मोठ्या हौसेने 'गेमिंग झोन' असे रंगवून घेतले होते. पहिल्याच संध्याकाळी शेजारचा पानवाला आत डोकावला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "कमीत कमी किती लावायचे?" गोव्यात गेमिंग म्हटले की मांडवीतला कॅसिनोच डोळ्यांपुढे येतो, त्या बिचाऱ्याचा काय दोष! आठवड्याभरात पाटी पुसून 'कॉम्प्युटर गेम्स' केली. पानवाल्याचा प्रश्न मात्र लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

दहापैकी किती, हे मी कधीच देत नाही. हरलो की स्वतःला एवढेच विचारतो: दोष कुणाचा होता? 'माझाच' असे उत्तर आले आणि तरीही हात पुन्हा माऊसकडे गेला, तर गेम चांगला. 'गेमचा' असे आले तर तो काढून टाकतो. 'खिशाचा' असे आले तर त्या गेमच्या वाटेला दुसऱ्यालाही जाऊ देत नाही.

ही फूटपट्टी मला लहानपणीच्या टीव्ही गेमने दिली. १९८५ चा सुपर मारिओ. आख्खा गेम ४० किलोबाइटचा, म्हणजे तुझ्या मोबाईलमधल्या एखाद्या फोटोपेक्षाही लहान. सुरू झाला की उजवीकडून अळंब्यासारखा एक तपकिरी प्राणी टुकूटुकू चालत येतो. कुणी काही सांगत नाही. नुसता उभा राहिलास तर मेलास. दुसऱ्या खेपेला उडी मारतोस, चुकून त्याच्या डोक्यावर पडतोस, तो चपटा होतो. झाले, शिकवणी संपली. वाया गेलेली सेकंदे चार-पाच. आजचे कित्येक गेम पहिला अर्धा तास 'हे बटण दाबा, आता ते दाबा' असे मागे लागलेले असतात, तेव्हा मला हा अळंबा आठवतो.

बीजीएमआयबद्दल थोडक्यात. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तोच गेम नवे नाव घेऊन आला, वर्षभराने पुन्हा गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. एवढ्या खेपा घालूनही पोरे त्याला चिकटून राहिली, तेव्हा त्यात काहीतरी असणारच. नकाशाचा अंदाज, कान उघडे ठेवणे, घाई न करणे हे तू तिथे शिकला असशील. माझी तक्रार एवढीच, की शंभर जणांच्या त्या गर्दीत आपण नेमके कशामुळे मेलो हे अर्ध्या वेळा समजतच नाही. लांबच्या कुठल्याशा डोंगरावरून गोळी येते आणि वीस मिनिटांची मेहनत पाण्यात. शिकायचे काय त्यातून?

म्हणून तुझा पहिला गेम काउंटर-स्ट्राइक: बंदुकधारी दोन संघ, एक बॉम्ब लावणारा, दुसरा तो निकामी करणारा. नवा आहे तो सप्टेंबर २०२३ पासूनचा काउंटर-स्ट्राइक २, फुकट मिळतो. पण मी बोलणार १.६ बद्दल, कारण माझे आयुष्य त्यात गेले आहे. हाफ-लाइफ या गेमवर हौशी मंडळींनी १९९९ मध्ये चढवलेला हा साज, १.६ ही आवृत्ती २००३ ची. माझ्याकडे दहा संगणक, त्यांना एकमेकांशी जोडणारा एक स्विच, पाच विरुद्ध पाच, आणि नकाशा बहुतेक वेळा डस्ट टू. बाहेर चपलांचा ढीग, आत पंख्याला न जुमानणारा घामाचा वास, आणि कुणाची तरी आई दर तासाला दारात उभी.

या गेमचे मर्म बंदुकीपेक्षा पैशांत आहे, हे नवख्यांना लवकर उमगत नाही. १.६ मध्ये पहिल्या डावाला हातात ८०० डॉलर. एके-४७ ला २५००, एम४ ला ३१००, आणि एका गोळीत आडवे करणाऱ्या एडब्ल्यूपीला ४७५०. डाव जिंकलास तर पैसे जास्त, हरलास तर कमी. मग पाचही गड्यांनी मिळून ठरवायचे: या डावात हात आखडता घ्यायचा की असेल नसेल ते ओतायचे? एकाने हौसेने महागडी बंदूक घेतली आणि चौघे पिस्तुलावर राहिले, की समजावे, हा संघ भांडणार. आईच्या हातात महिन्याचा पगार देऊन घर कसे चालते हे ज्या पोरांनी पाहिले होते, ती पोरे हे गणित पटकन शिकत.

आणि दोष? ऐक. बॉम्ब लागला की ४५ सेकंदांनी फुटतो. निकामी करायला १० सेकंद लागतात. २०० डॉलरचे किट घेतलेले असेल तर ५. म्हापशाहून एक चमू खेळायला आला होता. शेवटचा डाव, आमच्या बाजूने मी एकटा उरलेला, त्यांचे दोघे मी टिपले, बॉम्बपाशी पोचलो, बसलो. किट नव्हते. डावाच्या सुरुवातीला २०० डॉलर वाचवून मी एक जास्तीची ग्रेनेड घेतली होती, आणि ती वापरलीही नव्हती. नऊ सेकंद झाले असतील. पुढचे सांगत नाही. या गोष्टीला वीस वर्षे होत आली, पण आजही बाजारात मासळीवाल्या बाईशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालताना मला तो बॉम्ब ऐकू येतो.

आणखी एक. इथे मेलास की डाव संपेपर्यंत पुन्हा जिवंत होणे नाही. गप्प बसून बाकीच्यांचा खेळ बघायचा. माझ्याकडे एक अगदी अबोल पोरगा यायचा, पहिल्या मिनिटाला मरायचा आणि उरलेला वेळ मागे टेकून दुसऱ्यांच्या पडद्यांवर नजर. तीन महिन्यांत त्याच्याविरुद्ध खेळायला कुणी तयार होईना. कोण कुठल्या कोपऱ्यातून डोकावतो हे त्याला पाठ झाले होते.

नव्या काउंटर-स्ट्राइकमध्ये एकाच गोष्टीपासून लांब राहा: रंगीत बंदुकांच्या पेट्या. हा धंदा २०१३ मध्ये मधल्या आवृत्तीत सुरू झाला. पेटी खेळता खेळता मिळते, किल्ली मात्र पैसे देऊन घ्यायची, आत काय निघेल ते नशीब. आता पानवाल्याला बोलाव. "कमीत कमी किती लावायचे?"

हाच प्रश्न फुटबॉलच्या गेमला. फुटबॉल आपला राज्याचा खेळ. पावसात शेतात, गुडघाभर चिखलात खेळलेली मुले आपण. त्यामुळे हा गेम तू घेणारच, मी नको म्हटले तरी. पूर्वी फिफा नावाने यायचा, २०२३ पासून एफसी. फिफा २२ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि एफसी गोवाची केशरी जर्सी घालून माझ्या भाच्याने माद्रिदला चार गोल मारले, तेव्हा घरात फटाके वाजायचेच बाकी होते. शेजारी बसून दोघांनी दोन कंट्रोलरवर खेळावा, मॅनेजर होऊन एखादा किरकोळ संघ वर आणावा, इथवर हा गेम फार गोड आहे. पण त्यातला अल्टिमेट टीम नावाचा भाग म्हणजे पत्त्यांची पाकिटे. पाकीट फोडायचे, चांगला खेळाडू निघाला तर निघाला. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवले आणि कंपनीला तिथे त्यांची पैशांनी होणारी विक्री थांबवावी लागली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमविरुद्ध कायदा केला, ई-स्पोर्ट्सला त्यातून वेगळे ठेवले. कायदा चांगला की वाईट यावर लोक भांडताहेत, भांडोत. माझ्यापुरते उत्तर सोपे आहे. समोरच्याकडे महागडा गडी आहे म्हणून मी हरलो, तर त्या हरण्यातून मला खेळातले काही कळले नाही.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. एल्डन रिंग, फेब्रुवारी २०२२. मित्र तुला भीती घालतील, फार कठीण म्हणतील. आहेच. पण बघ कसा बनवलाय. गुहेतून बाहेर येतोस, समोर मोकळे रान, आणि रस्त्यावर घोड्यावर बसलेला सोनेरी चिलखतातला एक राक्षसी सरदार. तू बीजीएमआयवाला, धावत जाशील. दोन फटक्यांत आडवा. पुन्हा जाशील, पुन्हा आडवा. पाचव्या-सहाव्या मरणानंतर डोक्यात प्रकाश पडतो की याच्याशी आत्ता लढायचे कुणी सांगितलेच नव्हते. बाजूने झाडांतून निघून जा, दहा तासांनी ताकद कमावून ये. सुपर मारिओचा अळंबा आणि हा सरदार, दोघे एकाच शाळेतले मास्तर.

पुढे किल्ल्याच्या दाराशी मार्गिट नावाचा म्हातारा भेटेल. तो काठी उगारतो आणि मारतच नाही. तशीच धरून ठेवतो. घाबरून तू आधीच लोळण घेतोस, आणि तुझी लोळण संपली की तो मारतो. मी त्याच्याकडून एका शनिवारी किती वेळा मार खाल्ला ते मोजले नाही, बायकोने मोजले. पण प्रत्येक वेळी मला माहीत होते, घाई माझी होती. याच कंपनीचा २०१९ चा सेकिरो तर मला याहून शुद्ध वाटतो. तिथे तलवारीवर तलवार नेमक्या क्षणी आपटावी लागते. लोळण नाही, जादू नाही, ताकद वाढवून पळवाट नाही. उत्सवातल्या मैफलीत तबलजी आणि गायक नजरानजर करून समेवर येतात, तसे शत्रूसोबत समेवर यायचे. ज्याच्या कानात ठेका आहे तो तरेल. म्हणून घुमट हे आपले तालवाद्य वाजवणाऱ्या एका मित्राला मी हा गेम दिला, त्याने तो माझ्या निम्म्या वेळात संपवला. अजून बोलून दाखवतो.

एल्डन रिंगचे सगळेच गुण गाणार नाही. शेवटचा एक-तृतीयांश भाग लांबलेला आहे, गुहांमध्ये तेच ते राक्षस पुन्हा भेटतात, आणि मलेनिया नावाची योद्धी तुला मारता मारता स्वतः बरी होत जाते, हे मला आजही अन्यायाचे वाटते. तिथे मी दोष गेमला दिला, निवांत भाकरी-कालवण जेवलो आणि तिला न हरवताच पुढे गेलो. ती वाटेत आडवी येत नाही, वाकडी वाट करून गेलात तरच भेटते. नसते धाडस कशाला!

आता ज्याने माझी फूटपट्टीच मोडली तो गेम. पेपर्स, प्लीज. २०१३, जवळजवळ सगळा एकाच माणसाने बनवलेला, ल्युकस पोप. तुझ्या संगणकालाच काय, दहा वर्षांच्या जुन्या डब्यालाही तो चालेल. तू अर्स्टोट्स्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर बसलेला कारकून. साल १९८२. रांगेतून माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो, तू तारीख बघतोस, शिक्का बघतोस, फोटो बघतोस, हिरवा किंवा लाल ठसा मारतोस. माणशी पाच क्रेडिट मिळतात. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, तिसरीपासून दंड. संध्याकाळी घरभाडे, जेवण, शेकोटीचे पैसे भागवायचे, आणि मुलगा आजारी.

गोव्याच्या माणसाला हा गेम वेगळाच बोचतो. गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट मिळवता येतो, हे तुला सांगायला नको. एखाद्या आळीत एक तरी घर असतेच, जिथले कुणीतरी जन्मदाखल्यात आडनावाचे एक अक्षर इकडेतिकडे झाले म्हणून वर्षानुवर्षे खेटे घालत आहे. रांगेतली ती बाजू आपल्याला ठाऊक असते. हा गेम तुला खिडकीच्या आतल्या बाजूला बसवतो.

सुरुवातीच्याच दिवसांत एक नवरा येतो, कागद चोख. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. बायको येते. तिच्याकडे प्रवेशपत्र नाही. ती सांगते, आमच्या देशात परत गेले तर मला मारतील. नियमाने लाल ठसा. मी लाल मारला. ताकीद नाही, दंड नाही, पाच क्रेडिट जमा. गेमच्या लेखी मी अगदी बरोबर होतो, आणि मला रात्री झोप आली नाही. दुसऱ्यांदा खेळताना हिरवा मारला, लगेच कागद खरखरत बाहेर आला: चूक, ताकीद. इथे दोष कुणाचा ते ठरवून दाखव.

हा गेम दोन-तीन बैठकांत घे, एकदम नको. आणि कुठल्याही कचेरीच्या खिडकीवर भांडून आलेल्या दिवशी तर मुळीच नको.

बाकीचे भराभर. एज ऑफ एम्पायर्स २ हा राज्य उभारून लढायचा गेम १९९९ चा, पण २०१९ ची नवी आवृत्ती घे. २०१५ च्या एका विस्तारात त्यात पोर्तुगीज आले, आणि फ्रान्सिस्को द आल्मेदाची मोहीमही, म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानचा पहिला व्हाइसरॉय. पोर्तुगीजांना त्यात फेइतोरिया नावाची खास इमारत मिळते, आपल्या भाषेत वखार. ती वीस माणसांची जागा खाते आणि बसल्या जागी धान्य, लाकूड, सोने, दगड सगळे देत राहते. ज्याने ही कल्पना काढली त्याला इतिहास नीट कळलेला आहे. मी ती मोहीम खेळत होतो तेव्हा वडील मागे येऊन उभे राहिले. मुक्तीच्या वेळी ते सोळा वर्षांचे होते. "कोण जिंकतोय?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "पोर्तुगीज." ते म्हणाले, "बंद कर ते." उरलेली मोहीम मी ते झोपल्यावर पुरी केली.

अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी, २०१७, आता संगणकावरही मिळतो. गोष्ट सह्याद्रीतली, होयसळांचे भग्न वैभव, गणपतीचा सुळा शोधायचा. चित्रे अशी, की चोर्ल्याच्या घाटात उभा आहेस असे वाटावे. तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ रानात अचानक समोर येते तेव्हा छातीत जे होते, ते इथे दोन-तीनदा झाले. पण हा सह्याद्री माणसांवाचूनचा आहे. वाडी नाही, गुरे नाहीत, वाटेत पाणी विचारावे असे घर नाही. आणि एवढ्या हिरव्या रानात भटकून पायाला एकही जळू नाही! एकदाच खेळायचा, आठ-नऊ तासांत संपतो, पैसे वसूल. त्याच ओघात पुण्याच्या मंडळींचा राजी हाही बघ, २०२० चा. नक्षीकाम, महाल, छाया-बाहुल्यांतून सांगितलेल्या गोष्टी फार देखण्या. मारामारी मात्र अडखळते आणि शेवट 'पुढील भागी' म्हणत हातात नारळ देतो. कौतुकापोटी घेतला, पूर्ण केला, पण मारामारीत हरलो तेव्हा दोष माझा नव्हता एवढे प्रामाणिकपणे नोंदवतो.

शेवटी स्टारड्यू व्हॅली, २०१६. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने साडेचार वर्षे खपून बनवलेला. ऑफिसला कंटाळलेला तू आजोबांच्या पडीक शेतावर येतोस. पंधरा बिया, एक कुदळ, एक झारी. माझ्या आजोळी प्रियोळला कुळागर, म्हणजे पोफळींची बागायत, आहे, त्यामुळे मी आधी यावर खूप हसलो. ऋतू २८ दिवसांचा. आंब्याचे रोप २८ दिवसांत फळाला येते! मानकुरादाची कलमे लावून पाच-पाच वर्षे आभाळाकडे बघणाऱ्या मामाला दाखवले, तर म्हणाला, "हे बियाणे कुठे मिळते विचार." पोफळी नाहीत, मिरवेल नाही. पाटाचे पाणी कुणी आधी घ्यायचे यावरून भांडणे तर नाहीतच.

तरीही दीडशे तास खेळलोय. दुकान बंद केले त्या पावसाळ्यापासून कुठलाच गेम हाती धरवत नव्हता, नेम लावायचा कंटाळा, जिंकायचा कंटाळा. वर्षे गेल्यावर हा गेम आला आणि रात्री जेवून झाल्यावर तासभर झाडांना पाणी घालू लागलो. बायको बाजूला बसून सांगायची, तिथे कोबी लाव, कोंबड्यांना चारा टाकलास का. ती दुसऱ्या कुठल्याच गेमकडे फिरकली नव्हती. इथे हरताच येत नाही, तेव्हा माझा प्रश्न इथे विचारायची सोय नाही.

एक सोडून. हा गेम फक्त तू रात्री झोपलास की दिवस जतन करतो, मध्ये कुठेही नाही. आणि डिचोलीत जूनमध्ये काय होते ते मी सांगायला नको. माझ्या तिसऱ्या वर्षातला उन्हाळ्याचा शेवटचा दिवस, सगळे पीक काढून झालेले, खाणीतून मिळालेला सामानाचा ढीग खिशात, घराकडे पळतोय. गेममध्ये रात्रीचे साडेबारा, आणि इथे फणसाची फांदी तारेवर. करंट गेला तो सकाळपर्यंत. तेव्हा गेमच्या यादीत पहिले नाव लिही ते यूपीएसचे, आणि त्याची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदल.